पाऊस पट बघून पडत नाही

सुरुवात कबुलीने करते.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मला घेतलं. समितीत निम्म्या बायका लागतात, आणि मुलाण्यांची सून पदवीधर आहे हे गुरुजींना माहीत होतं. एका दुपारी मुलाला आणायला गेले तर रजिस्टर पुढे आलं. "ताई, इथं सही करा, आराखडा पाठवायचाय." मी केली. गॅसवर डाळ ठेवून आले होते, वाचायला थांबले नाही.

तो शाळा विकास आराखडा होता. शाळेत पुढची तीन वर्षं किती मुलं असतील, किती शिक्षक लागतील, किती खोल्या लागतील आणि त्याला किती पैसे लागतील, हे लिहायचा कागद. नंतर एकदा मी तो नीट पाहिला. तिन्ही वर्षांच्या रकान्यांत त्या वर्षाचाच पट उतरवला होता. 'आवश्यक वर्गखोल्या' या रकान्यात एक आडवी रेघ होती. मी सही केली तेव्हा माझ्या पाठीमागच्या खोलीला दोन पावसाळ्यांपासून कुलूप होतं, कारण तिचं छत कधी खाली येईल याचा नेम नव्हता. आणि मी, त्या शाळेतल्या मुलाची आई, लिहून दिलं होतं की आम्हाला काही नको.

पुढच्या जूनमध्ये मी मुलाला त्या शाळेतून काढलं आणि शिरवळच्या इंग्रजी शाळेत घातलं. व्हॅन दारात येते. समितीतूनही मी आपोआप बाहेर पडले. त्या शाळेचा पट एकाने कमी झाला. तो कमी करणारी मी.

म्हणून हा लेख सरकारवर आहे तितकाच माझ्यावर आहे, आणि रागावू नका, तुमच्यावरही आहे.

शाळा कुलूप न लावता कशी बंद होते

माझं सासर किकवीत, पुणे-सातारा महामार्गावर. माहेर वेल्ह्याकडच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या, डोंगरातल्या एका वाडीत. वाडीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तिथल्या गुरुजींनाच खुलासा मागतील, आणि त्या माणसाचा काही दोष नाही.

वाडीत मुसलमानाचं घर एकच, माझ्या भावाचं. शाळा चौथीपर्यंत, दोन खोल्यांची. मी शिकले तेव्हा दोन गुरुजी होते. मग एकाची बदली झाली आणि त्या जागी बराच काळ कुणी आलं नाही. एका खोलीचे पत्रे वाऱ्याने उचलले. दुरुस्तीचा अर्ज गेला, पाहणी झाली, मोजमाप झालं. पत्रे आले नाहीत. दोन खोल्यांची मुलं एका खोलीत बसली. ज्यांना जमलं त्यांनी मुलं नातेवाइकांकडे, आश्रमशाळेत, तालुक्याला पाठवली. पट उतरत उतरत नऊवर आला. चार महादेव कोळ्यांची, तीन धनगरांची, एक मराठ्याचं आणि एक माझी भाची. मग साहेब आले आणि म्हणाले, नऊ मुलांसाठी शाळा परवडत नाही, समायोजनाला संमती द्या.

समायोजन म्हणजे ही मुलं साडेचार किलोमीटरवरच्या शाळेत. मध्ये एक ओढा, जो जुलै-ऑगस्टमध्ये ओढा राहत नाही. भाऊ म्हणाला, "पोरगा असता तर धाडला असता." मी त्याच्याशी भांडले. पण त्या रस्त्याने पावसात आठ वर्षांच्या मुलीला एकटी पाठव, असं मलाही म्हणता आलं नाही.

आज भाची माझ्याकडे किकवीत आहे. इथल्या शाळेत जाते, हुशार आहे. रात्री कधी कधी भिंतीकडे तोंड करून रडते आणि विचारलं की म्हणते, "काही नाही फुफी." त्या वाडीच्या शाळेला कुणी कुलूप लावलेलं नाही. कागदावर ती सुरू आहे. फक्त पट आता आठ आहे, आणि पुढच्या वेळी साहेब येतील तेव्हा त्यांचं म्हणणं आणखी बरोबर दिसेल.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच. आपल्याला सांगतात की पट कमी झाला म्हणून शाळा मोडकळीला आली. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. आधी शिक्षक जातो, मग छत जातं, मग पोरं जातात. शेवटी उरलेला आकडा उचलून तोच कारण म्हणून दाखवतात.

आकडे आणि कायदा

हे एका वाडीचं रडगाणं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून मुलं दुसरीकडे हलवायचं ठरवलं. त्यावर ओरड झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाचं पत्र निघालं, शब्द बदलला होता. आता 'बंद' नाही, 'समूह शाळा'. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून मोठी शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा १४,७८३, त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं, २९,७०७ शिक्षक. नमुना म्हणून दोन नावं पुढे आली : नंदुरबारचं तोरणमाळ आणि आपलं पानशेत. म्हणजे राज्यभर ज्या प्रयोगाचा दाखला दिला जातो, तो माझ्या माहेरच्या तालुक्यातला आहे.

पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले. संच मान्यता म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर, याचा हिशेब. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे शिक्षकाचं पदच राहत नाही, असा त्याचा अर्थ निघाला आणि शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. शिक्षक काढला की शाळा बंद करायचा आदेश काढावाच लागत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे. कायद्याचं कलम ९ स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेची, कर्तव्यं सांगतं : शेजारी शाळा उपलब्ध करणं, इमारत देणं, आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं. कायद्याच्या परिशिष्टात इमारत कशी हवी तेही आहे. प्रत्येक शिक्षकाला किमान एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण. कुठेही असं लिहिलेलं नाही की नऊ मुलं असतील तर छत गळलं तरी चालेल.

व्यवहारात काय होतं? समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये. त्यात खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती आणि उरलेलं सगळं. पण नऊ मुलांच्या शाळेचं छप्पर नव्वद मुलांच्या शाळेच्या छपरापेक्षा कमी भिजत नाही. राजगड, तोरण्याच्या बाजूला ज्याने एक पावसाळा काढला आहे त्याला हे समजवायची गरज नाही. पाऊस पट बघून पडत नाही.

पानशेतच्या बाजूने जे म्हणता येईल ते

समूह शाळेच्या बाजूने बोलणारे सगळे दुष्ट आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांचा मुद्दा खरा आहे आणि आपण तो चुकवू नये. चार इयत्ता, नऊ मुलं आणि एक गुरुजी. त्यातले अर्धे दिवस गुरुजी मीटिंगला, सर्वेक्षणाला, निवडणुकीच्या कामाला. दुसरीत एकटंच मूल असेल तर त्याने कबड्डी कुणाशी खेळायची, पाढे कुणाबरोबर म्हणायचे? मोठ्या शाळेत इयत्तेला शिक्षक मिळतो, प्रयोगाचं साहित्य मिळतं, सोबती मिळतात. बस दारात आली, वेळेवर आली, पावसात आली आणि वर्षानुवर्षं येत राहिली, तर मी स्वतः भाचीला त्या बसमध्ये बसवीन.

सगळं त्या 'तर'वर आहे. शाळेच्या खोलीचा खर्च एकदाच होतो, बसचा खर्च दर महिन्याला. डिझेल, चालक, दुरुस्ती. ज्या व्यवस्थेला एका खोलीचे पत्रे वेळेत बदलता आले नाहीत ती वीस वर्षं डोंगरात बस चालवील, यावर विश्वास ठेवायचा तर लेखी हमी हवी. वाहतूक भत्ता तर अनेकदा मुलाच्या पायपिटीनंतर कित्येक महिन्यांनी खात्यात येतो. भत्ता म्हणजे बस नव्हे. चांदोबाचा फोटो दाखवून पोराचं पोट भरत नाही.

आणि बस जिथे पोचत नाही तिथे काय होतं, हे शेजारच्या सातारा जिल्ह्याने दाखवलं आहे. जावळी तालुक्यात कोयना जलाशयाकाठच्या मुली स्वतः होडी वल्हवत पलीकडे जायच्या आणि तिथून जंगलातून चालत शाळा गाठायच्या. २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने बातमी वाचून स्वतःहून त्याची दखल घेतली. आपल्या दोन तालुक्यांत भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी एवढी धरणं आहेत. पुण्याला पाणी जातं, खालच्या शेतीला पाणी जातं. त्या पाण्याने इथल्या वाड्या एकमेकींपासून तोडल्या. नकाशावर फूटपट्टी ठेवून 'दोन किलोमीटर' म्हणणाऱ्या माणसाला मध्ये धरणाचा फुगवटा आहे हे दिसत नाही. मोजायचं असेल तर मुलाच्या पायांनी मोजा, आणि मे महिन्यात नको, जुलैत मोजा.

दुसरा दाखला याच पुणे जिल्ह्यातला. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गाव उभं राहिलं, आणि २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशन या संस्थेच्या जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत तिला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. हेच वारे गुरुजी आधी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत होते. हीच जिल्हा परिषद, हाच अभ्यासक्रम, हीच सातवी-आठवी शिकलेली आईबापं. मग पट हा नशिबाचा खेळ नाही, हे सिद्ध झालं की नाही? शिकवणारा माणूस आणि बसायला धड जागा दिली की पोरं परत येतात.

पण याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. प्रत्येक वाडीला एक वारे गुरुजी मिळणार नाहीत. देणगीवर आणि एका माणसाच्या हट्टावर शाळा उभी राहते याचं कौतुक करावं, त्याचं धोरण करू नये. नियोजन हे सामान्य गुरुजी आणि सामान्य गाव धरूनच करायचं असतं.

पैसा कुठे आहे

'पैसे नाहीत' हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. थोडं खोदून बघू.

शिक्षकांचे पगार राज्य सरकार देतं. इमारतीसाठी तीन-चार वाटा आहेत. समग्र शिक्षा, ज्यात केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के. जिल्हा नियोजन समितीचा निधी, जिची बैठक पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते. जिल्हा परिषदेचा स्वतःचा निधी, ज्याला आपल्याकडे सेस म्हणतात. आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातला, वित्त आयोगाचा पैसा.

यात एक गोष्ट आपण कधी बोलत नाही. ग्रामीण भागात जमिनीचा व्यवहार झाला की मुद्रांक शुल्काचा एक वाटा जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतींना मिळतो. आता भोर-वेल्ह्याच्या डोंगरांकडे बघा. फार्महाऊस, प्लॉटिंग, 'लेक व्ह्यू', 'फोर्ट व्ह्यू'. आमच्या वाडीच्या वरचा माळ विकला गेला, खालची खाचरं विकली गेली. प्रत्येक खरेदीखतावर शुल्क भरलं गेलं. ज्या डोंगराच्या विक्रीतून सरकारी तिजोरी भरते त्याच डोंगरातल्या शाळेचे पत्रे परवडत नाहीत, हे गणित मला कुणीतरी फळ्यावर सोडवून दाखवावं.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच गणित मांडलं होतं. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा महसूल येतो, आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या वाट्याला उरतं ते नावापुरतं. त्याला एकशे चाळीस वर्षं उलटली. शुल्काचं नाव बदललं, वाहायची दिशा तीच राहिली.

मग हे विचारायचं कुणाला? १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या, १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला, तो याच विचाराने की शाळा, दवाखाना, रस्ता यांचा निर्णय जवळच्या, निवडून दिलेल्या माणसाने घ्यावा. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुका घ्या. पानशेतचं उदाहरण राज्यभर फिरत होतं त्या २०२३ मध्ये पुणे जिल्हा परिषदेत निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. साहेब चांगले होते की वाईट, हा मुद्दा नाही. वाडीतल्या आईने ज्याच्या दारात जाऊन 'आमची शाळा का हलवता' म्हणून भांडावं, असं दारच नव्हतं.

आणि आमच्या किकवीच्या बाजूला उलटं चित्र आहे. महामार्गाला लागून, शिरवळच्या कारखान्यांच्या आधाराने वस्ती वाढते आहे. मराठवाड्यातून, बिहारमधून आलेल्या कामगारांची पोरं भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांचं नाव कुठल्या यादीत आहे? युडायसमध्ये तीस सप्टेंबरला पटावर असलेलं मूल मोजलं जातं. जे मूल दाखलाच झालं नाही, ते हिशेबातच नाही, मग त्याच्यासाठी खोली कशी मंजूर होणार? डोंगरात पट कमी म्हणून खोली नाही, आणि रस्त्यावर मूल पटावर नाही म्हणून खोली नाही. एकाच तालुक्याला दोन्ही उत्तरं एकाच फॉर्ममधून मिळतात. याला नियोजन म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात.

हा आपला प्रश्न कसा?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ताई, हे सगळं खरं, पण आपल्या मासिकात हे कशाला? आपले प्रश्न वेगळे आहेत.

मला वाटतं आपली चूक इथेच होते. मुसलमानांच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण तीन गोष्टी बोलतो : मदरसा, उर्दू शाळा आणि शिष्यवृत्ती. तिन्ही महत्त्वाच्या आहेत. पण २००६ च्या सच्चर समितीने सांगितलं होतं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मदरशात जातात. त्याच अहवालात होतं की सहा ते चौदा वयाची चारातली एक मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली. उरलेली कुठे आहेत? बहुतेक सरकारी शाळेत. आणि भोर, वेल्हे, मुळशी, जावळीसारख्या तालुक्यांत ती मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळेत आहेत, कारण तिथे आपली घरं गावात एक, दोन, फार तर पाच. मुलाणी, आतार, तांबोळी, शिकलगार, पिंजारी. या घरांसाठी उर्दू शाळा निघणार नाही आणि निघाली तर पट भरणार नाही.

अल्पसंख्याकांच्या योजनाही या घरांपर्यंत पोचत नाहीत. केंद्राच्या जन विकास कार्यक्रमाने २०१८ मध्ये निकष ठरवला तो अल्पसंख्याकांची वस्ती २५ टक्के असलेल्या भागांचा. मालेगाव, भिवंडी, मुंब्र्याला तो लागू पडेल. वाडीतलं एक घर २५ टक्के कधी होणार? आपण दाटीने राहिलो तर मोहल्ला म्हणून हिणवलं जातं आणि विखरून राहिलो तर योजनेच्या यादीत दिसत नाही. विखुरलेल्या मुसलमानाच्या पोरीसाठी या राज्यात एकच योजना आहे : तिच्या वाडीची जिल्हा परिषद शाळा. ती गेली की सगळ्यात आधी गळते ती हीच मुलगी. भाऊ सायकलवर जातो, ती घरी बसते.

आता आपलीच परीक्षा घेऊ. आपल्या जमातीने गेल्या दहा वर्षांत आमदारांकडे, जिल्हा परिषद सदस्याकडे कशासाठी अर्ज केले? कब्रस्तानची भिंत. शादीखाना. मशिदीसमोरचे पेव्हिंग ब्लॉक. हायमास्ट दिवा. यातला एक अर्ज मीच लिहून दिला आहे, माझं मराठी चांगलं म्हणून. कब्रस्तानला भिंत हवीच, गुरं शिरतात. पण त्याच वर्षी त्याच माणसाकडे शाळेच्या खोलीसाठी अर्ज घेऊन जायला आपल्यातला एकही गेला नाही. आपण नेत्यांना शिकवलं आहे की मुसलमानांना काय दिलं म्हणजे ते खूश होतात. मग ते तेवढंच देतात, आणि भिंत त्यांना शाळेपेक्षा स्वस्त पडते.

किकवीहून नीरा ओलांडली की शिरवळ, आणि तिथून थोडं पुढे नायगाव. सावित्रीबाईंचं जन्मगाव. दर जानेवारीला आपण सावित्रीबाई आणि फातिमाबींचा फोटो स्टेटसला ठेवतो. १८५६ च्या सावित्रीबाईंच्या पत्रात फातिमाचं नाव आहे, हे अभिमानाने सांगतो. उस्मान शेखांनी फुले दांपत्याला आपल्या घरात जागा दिली, हेही सांगतो. मग त्या वारशाचा अर्थ काय? कुणीतरी जागा दिली म्हणून शिकणं-शिकवणं चालू राहिलं. आज जागा द्यायची जबाबदारी कायद्याने जिल्हा परिषदेवर आहे. आपण फक्त ती मागायची आहे, आणि तेवढंही आपण करत नाही.

सहीच्या आधी

मी काय करायचं ठरवलं आहे ते सांगते. तुम्हाला जमेल ते उचला.

पहिलं, यादी. कायद्याने प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची आहे, पण ती शाळेत आलेल्याचीच होते. किकवीच्या आसपासच्या वस्त्यांत, भाड्याच्या खोल्यांत, वीटभट्टीवर किती पोरं शाळेबाहेर आहेत ते आपण वहीत लिहू. जात-धर्म बघून नव्हे. जी वही फक्त मुसलमान पोरांची असेल ती कुणी उघडणार नाही, आणि उघडूही नये. ही यादी तीस सप्टेंबरच्या आत शाळेत पोचली, मुलं दाखल झाली, तर पट वाढतो, शिक्षक टिकतो, खोलीची मागणी कागदावर येते.

दुसरं, आराखडा. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि एकूण निम्म्या स्त्रिया. कलम २२ प्रमाणे याच समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, आणि सरकारचं अनुदान त्याच आधारावर ठरायचं असतं. म्हणजे ज्या कागदावर मी डाळ करपेल म्हणून न वाचता सही केली तो त्या शाळेचा सर्वांत मोठा हक्काचा कागद होता. तुमची बहीण, भाभी, अम्मी समितीवर असेल तर तिला सांगा : रकान्यात रेघ असेल तर सही करू नकोस. खोली धोकादायक असेल तर तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव कधी गेला, कुठल्या टेबलावर आहे, ते लिहून घे. जुनी खोली निर्लेखित होऊन पाडल्याशिवाय त्या जागी नवी मिळत नाही, आणि हा कागदच वर्षानुवर्षं अडकतो.

तिसरं, ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यातल्या एखाद्या दिवशी तरी आपल्या जमातीतले पाच तरुण आणि पाच बायका तिथे बसल्या पाहिजेत, आणि ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेचं काम घालण्याचा ठराव मांडला पाहिजे. तो मुसलमानांचा ठराव नसेल, गावाचा असेल. आमच्या वाडीच्या नऊ मुलांत आठ मुसलमान नव्हती. कोळी, धनगर, मराठा बापांच्या पोरांसाठी मुलाणी भांडतो आहे, हे गावाने एकदा बघू दे. व्हॉट्सॲपवरच्या शंभर सलोख्याच्या संदेशांपेक्षा त्या एका ठरावाचं वजन जास्त असेल.

चौथं, माहिती अधिकार. समायोजनाचा प्रस्ताव आला तर दोन प्रश्न विचारा. अंतर कुणी, कोणत्या रस्त्याने, कोणत्या महिन्यात मोजलं? आणि बसची तरतूद किती वर्षांची, कोणत्या लेखाशीर्षातून? याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत संमतीच्या कागदावर अंगठा नाही, सही नाही.

आणि मतं मागायला दारात येणाऱ्याला कब्रस्तानच्या भिंतीआधी शाळेच्या छताचं विचारा. दोन्ही मागा, पण क्रम बदला. जिवंत पोरांचं आधी.

माझ्या मुलाचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात असेल. तो अजून व्हॅनने शिरवळला जातो. भाची चालत इथल्या शाळेत जाते. सकाळी दोघं एकाच दारातून निघतात आणि दोन दिशांना जातात. या जूनमध्ये मी त्यालाही तिच्याबरोबर पाठवायचं म्हणते आहे. घरात भांडण होणार. सासूबाई म्हणतात, लोक काय म्हणतील, ऐपत असून सरकारी शाळेत घातलं. पण तो पटावर आला तर मला पुन्हा समितीवर बसता येईल, आणि रजिस्टर पुढे आलं की या वेळी मी खुर्ची ओढून बसून वाचणार आहे. डाळ आधीच उतरवून येईन.